"पाच मिनिटांत येते" म्हणून गाडीत ठेवलेला कुत्रा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरी एक लॅब्रॅडॉर आणि एक पग आहे, दोघंही गाडीत खुशीत बसतात. बाहेर २४ अंश तापमान आहे. गाडी झाडाच्या सावलीत लावली, उतरण्याआधी एसीनं चांगली गार केली, काचा दोन बोटं खाली ठेवल्या आणि आत पाण्याचं भांडं ठेवलं, तर दहा-पंधरा मिनिटांचं काम उरकून यायला हरकत आहे का? किती मिनिटं चालतील? थंडीत तरी चालेल ना? आणि दुसऱ्या कुणाचा कुत्रा बंद गाडीत दिसला तर काय करायचं?

मिनिटांचा आकडा मी देणार नाही. वीसेक वर्षं कुत्र्या-मांजरांची डॉक्टर आहे. गाडीत उष्माघात झालेला कुत्रा टेबलावर घेतला की मी पहिलं विचारते ते "किती वेळ होता आत?" आणि उत्तर जवळजवळ ठरलेलं असतं: "पाचच मिनिटं हो, डॉक्टर." खोटं कुणी बोलत नसतं. त्यांच्या डोक्यात खरंच पाच मिनिटं असतात. पुढे फोनवरची वेळ, पावतीवरची वेळ ताडून पाहिली की पाचाची पंचवीस-तीस झालेली निघतात. रांग सरकली नाही, समोरच्याला कागद सापडेना, जुनं कुणी भेटलं, लिफ्ट अडकली. गाडी किती तापेल याचा अंदाज बांधता येतो, पण आपण कधी परत येऊ याचा अंदाज हमखास चुकतो. त्यामुळे तुम्ही सांगितलेल्या चारही उपायांकडे मी त्याच नजरेनं बघते: यातून किती मिनिटं पदरात पडतात आणि ती आपल्या चुकीला पुरतील का?

आधी गाडीचं बघू. काचेतून ऊन सरळ आत येतं आणि डॅशबोर्ड, सीट, स्टिअरिंग तापवतं. त्या वस्तू आतली हवा तापवतात आणि ती गरम हवा कोंडून राहते, कारण बाहेरच्या हवेशी तिची अदलाबदल होत नाही. तापलेल्या वस्तूंमधून निघणारी उष्णता लांब लहरींची असते आणि ती काचेतून सहज बाहेर पडत नाही. आत गडद रंगाचं अस्तर असेल तर काम आणखी झपाट्यानं होतं. बाहेर वारा सुटलेला असला तरी आतल्या हवेला त्याचा पत्ता नसतो.

हे किती वेगानं होतं ते अमेरिकेत नीट मोजलं गेलंय. कॅथरीन मॅक्लारेन, जॅन नल आणि जेम्स क्विन यांनी २००५ मध्ये 'पीडियाट्रिक्स' या नियतकालिकात ही मोजमापं छापली. मूळ काळजी गाडीत राहून जाणाऱ्या लहान मुलांची होती, पण हवा सगळ्यांना सारखीच. बाहेरचं तापमान २२ ते ३६ अंशांच्या दरम्यान असलेल्या दिवसांत, उन्हात उभ्या गाडीतलं तापमान तासाभरात सरासरी २२ अंशांनी चढलं, आणि त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. बाहेर कमी गरम असलं म्हणून चढ कमी झाला असं दिसलं नाही. नल यांच्या आकड्यांवरून बंद गाडीचा ढोबळ हिशोब असा बसतो: पहिल्या १० मिनिटांत साधारण १० अंश, २० मिनिटांत १६, अर्ध्या तासात १९. म्हणजे तुमच्या त्या सुखद २४ अंशांच्या दिवशी, उन्हातल्या गाडीत १० मिनिटांनी ३४, २० मिनिटांनी ४० आणि अर्ध्या तासानं ४३ अंश. स्वेटर घालावा की नको असा विचार करण्याजोग्या दिवशी!

आता काच. याच अभ्यासात काही गाड्यांच्या काचा सुमारे ३.८ सेंटिमीटर खाली ठेवून पाहिल्या होत्या. काच बंद असताना दर पाच मिनिटांना साधारण १.९ अंश वाढ होत होती, फट ठेवल्यावर १.७. फरक एवढाच. दोन बोटांच्या फटीनं मालकाच्या मनाला गारवा मिळतो, कुत्र्याला नाही. पूर्ण उघड्या काचांची गोष्ट वेगळी, पण तेव्हा कुत्रा उडी मारून रस्त्यावर जाण्याची भीती उभी राहते.

एसीनं आधी गार करण्याचाही प्रयोग तिथे झाला होता. त्यातून सुमारे पाच मिनिटांची उसंत मिळाली. उतरताना थंडगार वाटलेली गाडी आपल्या लक्षात तशीच राहते आणि त्याच भरवशावर आपण निवांत होतो, हा त्यातला खरा धोका.

सावलीचा मात्र खरोखर उपयोग होतो, ते नाकारण्यात अर्थ नाही. अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांचा २०१८ सालचा अभ्यास आहे, अर्थात अतिशय गरम दिवसांतला. उन्हातल्या गाडीतली हवा तासाभरात सरासरी ४७ अंशांवर गेली आणि डॅशबोर्ड ६९ वर. सावलीतल्या गाडीतली हवा ३८ च्या आसपास राहिली, सीट ४१. दहा अंशांच्या जवळपास फरक म्हणजे थोडाथोडका नव्हे. पण ३८ अंशांची कोंडलेली हवा म्हणजे कुत्र्याच्या स्वतःच्या तापमानाला टेकलेली हवा. शिवाय पृथ्वी दर तासाला १५ अंशांनी वळते, सावली तिच्या मागोमाग सरकते. झाडाच्या बुंध्याशी लावलेली गाडी परत येईपर्यंत अर्धी उन्हात असते, आणि ते अर्धं ऊन नेमकं मागच्या काचेवर, जिथे तुमची दोघं बसलेली असतात.

पाण्याचं भांडं ठेवायला हरकत नाही, पण ते सांडतं, आणि घाबरलेला किंवा जोरात धापा टाकणारा कुत्रा सहसा पाण्याला तोंड लावत नाही. प्यायला तरी पाणी हे धापेसाठी लागणारं इंधन आहे. धापेनं काम होत नसेल तर भांडं भरलेलं काय आणि रिकामं काय.

धापेबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण सगळं इथेच घडतं. निरोगी कुत्र्याचं तापमान ३८.३ ते ३९.२ अंशांच्या दरम्यान असतं, माणसापेक्षा थोडं जास्त. घाम त्याला येतो तो पंजांच्या तळव्यांना, आणि शरीर थंड करण्याच्या दृष्टीनं तो नगण्य. बाहेरची हवा गार असेपर्यंत अंगातली उष्णता कातडीवाटे हवेत जात राहते. गार फरशीवर पोट टेकून पसरलेला कुत्रा पाहिलाय ना, तो हेच करतो. आजूबाजूची हवा त्याच्या अंगाइतकी गरम झाली की हा रस्ता बंद, आणि त्याहून गरम झाली की उलट हवाच त्याला तापवायला लागते. उरते ती धाप. मिनिटाला ३००-४०० श्वासांपर्यंत वेग वाढवून तो नाकाच्या आतल्या ओल्या पडद्यांवरून आणि जिभेवरून हवा फिरवतो, पाण्याची वाफ होते आणि प्रत्येक ग्रॅम वाफेबरोबर सुमारे २.४ किलोज्यूल उष्णता निघून जाते. यंत्रणा सुरेख आहे, पण तिला कोरडी, हलती हवा लागते. बंद गाडीत ती वाफ जाणार कुठे? दोन कुत्र्यांच्या उच्छ्वासानं आतली हवा दमट होत जाते, काचा आतून धुरकट दिसायला लागतात, आणि दमट हवेत वाफ कमी होते. मग तो आणखी जोरात धापा टाकतो, त्या स्नायूंच्या कष्टानं आणखी तापतो. ३० किलोचा लॅब्रॅडॉर नुसता शांत पडून असला तरी साधारण ४०-५० वॉटच्या जुन्या दिव्याइतकी उष्णता सोडत असतो. तुम्हाला शोधत तो सीटवरून सीटवर उड्या मारत आणि भुंकत असेल, तर ती कितीतरी वाढते. एका लहानशा डब्यात असे दोन दिवे लावलेत असं समजा.

म्हणूनच तुमच्या दोघांना एकच आकडा लागू पडत नाही. पगचं नाक चपटं, आतले पडदे गर्दी करून बसलेले, टाळूचा मऊ भाग लांब. म्हणजे थंड करणारं यंत्रच जन्मतः आखूड. बुलडॉग, फ्रेंच बुलडॉग, पेकिनीज, शिह त्झू, बॉक्सर यांचंही तेच. ब्रिटनमधल्या दवाखान्यांच्या २०१६ च्या नोंदींवर एमिली हॉल, अ‍ॅन कार्टर आणि डॅन ओनील यांनी काम केलं. त्यात लॅब्रॅडॉरच्या तुलनेत बुलडॉगला उष्णतेच्या आजाराचा धोका सुमारे १४ पट आणि फ्रेंच बुलडॉगला ६ पट निघाला. सगळ्यांत वर होता चाऊ चाऊ, १७ पट. लॅब्रॅडॉर तुलनेनं बरा, पण तो जाडा असेल तर ती सवलतही गेली. म्हातारे, हृदयाचे किंवा श्वासनलिकेचे रुग्ण आणि अगदी लहान पिल्लं यांना तर मुळीच सवलत नाही.

दोन गोष्टी फारशा बोलल्या जात नाहीत, म्हणून इथे सांगते. एक म्हणजे औषधं. प्रवासात गडबड करतो म्हणून काही जण कुत्र्याला झोपेचं किंवा गुंगीचं औषध देतात. अशी काही औषधं तापमान सांभाळण्याची शरीराची क्षमताच कमी करतात, वर कुत्रा गुंगीत असल्यानं धडपडतही नाही आणि बाहेरच्यांना तो झोपलाय असं वाटतं. हृदयरोगावर लघवी वाढवणारं औषध चालू असेल तरी अंगात पाणी आधीच कमी असतं. दुसरी गोष्ट मुसक्यांची. तोंड घट्ट आवळणारी कापडी मुसकी घातलेला कुत्रा धापच टाकू शकत नाही. गाडीत, अगदी चालत्या गाडीतसुद्धा, ती नको. घालायचीच असेल तर आत तोंड पूर्ण उघडता येईल अशी जाळीदार.

आणि थोडं आमच्या व्यवसायाच्या सवयीविरुद्ध बोलते. गाडीची भीती आम्ही इतकी घालतो की लोकांना उष्माघात फक्त गाडीतच होतो असं वाटायला लागलंय. वर सांगितलेल्या संशोधकांनी ब्रिटनच्या नोंदींत कारणं वेगळी करून पाहिली तेव्हा सुमारे तीन चतुर्थांश प्रकरणं व्यायामामुळे झालेली निघाली, गाडीतली जेमतेम ५ टक्के. मी प्रत्यक्षात पाहते ते बऱ्याचदा दोन्हींचं मिश्रण असतं. मैदानात तासभर चेंडूमागे पळवलेला कुत्रा धापा टाकत गाडीत चढवला, आणि मालक "जरा हे एक काम करून जाऊ" म्हणून उतरला. अशा कुत्र्याचं तापमान गाडीत शिरतानाच ४० च्या पुढे असू शकतं. शांत बसलेल्या कुत्र्यासाठी मांडलेला कुठलाही हिशोब त्याला लागू होत नाही. खेळून आलेल्या कुत्र्याला धाप पूर्ण बसेपर्यंत गाडीत चढवूच नका, एसी चालू असला तरी.

इंजिन आणि एसी चालू ठेवून जायचं का, हेही कुणीतरी विचारतंच. पेट्रोल-डिझेलच्या गाडीत माझं उत्तर नाही. इंजिन बंद पडतं, काही गाड्यांत ठरावीक वेळानं ते आपोआप बंद होतं, कॉम्प्रेसर बिघडला तर ब्लोअर गरम हवा फेकत राहतो, आणि कुत्र्याचा पाय बटणावर पडून काच उतरते किंवा दार आतून लॉक होतं. पोलिसांचे प्रशिक्षित कुत्रेसुद्धा एसी बंद पडलेल्या गाड्यांत दगावलेत, त्यामुळेच त्यांच्या अनेक गाड्यांत आतलं तापमान वाढलं की भोंगा वाजवणारी यंत्रणा बसवतात. बंदिस्त तळघरात इंजिन चालू ठेवलं तर विषारी धुराची भर. विजेवर चालणाऱ्या काही गाड्यांत यासाठी खास सोय असते. टेस्लानं २०१९ मध्ये आणलेल्या सोयीत पडद्यावर आतलं तापमान आणि मालक लवकरच येतोय असा निरोप दिसतो. ही सोय बरीच बरी आहे. तरी बॅटरी किती आहे ते पाहून, फोनवर तापमानाची सूचना येतेय याची खात्री करून, आणि सूचना आली तर दोन मिनिटांत गाडीपाशी पोचता येईल इतक्याच अंतरावर. पगसाठी मी तीही वापरणार नाही.

आता उष्माघात ओळखायचा कसा. सुरुवातीला धाप जोराची आणि आवाजी होते, जीभ लांब बाहेर येऊन टोकाला चमच्यासारखी रुंद होते, लाळ पातळ न राहता चिकट तारांसारखी लोंबते, हिरड्या विटेसारख्या लालभडक दिसतात. कुत्रा बेचैन असतो, दार खरवडतो, सीटखाली सावलीत घुसायचा प्रयत्न करतो. पुढच्या टप्प्यात नजर शून्य होते, उभं केलं तर मागचे पाय लटपटतात, उलटी होते, पातळ जुलाब होतात, कधी त्यात रक्त. हिरड्या फिक्या किंवा जांभळट होतात, झटके येतात. लोक भुंकणाऱ्या कुत्र्याकडे धावतात, पण मला भीती वाटते ती गप्प झालेल्याची. तापमान ४१ अंशांच्या वर गेलं की उष्माघात धरून चालायचं. ४३ च्या आसपास पेशीच मरायला लागतात, आणि मग मूत्रपिंड, यकृत, आतडी, मेंदू सगळं एकदम ओढलं जातं.

अशा वेळी घरची माणसं एक चूक मायेपोटी करतात: कुत्र्याला उचलतात आणि तसंच दवाखान्याकडे धाव घेतात. तसं करू नका. आधी थंड करा, मग न्या. ब्रिटनच्याच २०१६ ते २०१८ च्या नोंदींत दवाखान्यात आणण्याआधी थंड केलेले कुत्रे फक्त २२ टक्क्यांच्या आसपास होते. वाटेत जाणारा तो अर्धा तास शरीर आतून शिजत असतं.

थंड कसं करायचं? सावलीत किंवा पंख्याखाली घ्या आणि नळाचं साधं पाणी ओतायला सुरुवात करा. पोट, जांघा, काखा, मान, पाठ, सगळीकडे, केसांच्या मुळापर्यंत भिजेल असं. तोंडावर आणि नाकात पाणी जाऊ देऊ नका, बेशुद्ध असेल तर डोकं वर धरा. तरुण, धडधाकट आणि शुद्धीवर असलेला कुत्रा असेल तर मानेपर्यंत पाण्यात बसवलं तरी उत्तम. वयस्कर किंवा आजारी असेल तर पाणी ओतत राहणं आणि जोरात वारा घालणं बरं. "गार पाण्यानं रक्तवाहिन्या आकसतात, कोमटच वापरा" हा सल्ला आमच्या पिढीला शिकवला गेला होता, मीही तो वर्षानुवर्षं दिला. आता आम्ही तो देत नाही. पाणी कुत्र्याच्या अंगापेक्षा गार असलं की काम करतं, आणि हाताशी असेल ते पाणी हेच सगळ्यांत चांगलं पाणी. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नका. दोन मिनिटांत तो गरम होतो आणि वाफ अडवून घोंगडीचं काम करतो. टॉवेल हवाच असेल तर खाली अंथरा.

गुदद्वारात थर्मामीटर लावून दर पाच मिनिटांनी तापमान बघता आलं तर फार बरं. ३९.५ च्या जवळ आलं की पाणी थांबवून अंग पुसा, नाहीतर ते खाली घसरतच जातं. थर्मामीटर नसेल तर धाप मंदावली आणि कुत्रा आजूबाजूला बघायला लागला की थांबा. शुद्धीवर असेल तर थोडं थोडं पाणी पुढे करा, स्वतः पिऊ द्या, घशात ओतू नका. माणसांची तापाची गोळी कुठलीही देऊ नका. हा ताप नव्हे, त्यामुळे ती उष्णता गोळीनं उतरत नाही. वर काही गोळ्या कुत्र्याच्या यकृताला, मूत्रपिंडाला आणि जठराला विषासारख्या लागतात. दरम्यान दुसऱ्या कुणाला तरी दवाखान्यात फोन करायला सांगा, म्हणजे सलाइन आणि ऑक्सिजन तयार राहतो. नेताना अंग ओलं, एसी जोरात किंवा काचा पूर्ण खाली.

तो उठून शेपटी हलवायला लागला तरी दवाखाना टाळू नका. उष्णतेनं आतड्याचं अस्तर सोलवटतं, तिथून जंतू रक्तात शिरतात. रक्त गोठवणारी यंत्रणा बिघडून प्लेटलेट घसरतात, हिरड्यांवर आणि पोटावर लाल ठिपके उमटतात. मूत्रपिंडाचा त्रास दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळतो. त्यामुळे आम्ही एक-दोन दिवस ठेवून घेतो आणि रक्त पुन्हा पुन्हा तपासतो, ते पैसे काढण्यासाठी नाही. इस्राएलमध्ये ५४ कुत्र्यांचा अभ्यास झाला, २००६ साली छापला गेला. इस्पितळात पोचलेल्यांपैकी निम्मे दगावले होते, आणि दीड तासापेक्षा उशिरा पोचलेल्यांची अवस्था अधिक वाईट होती.

दुसऱ्याच्या गाडीत कुत्रा दिसला तर आधी कुत्र्याकडे बघा, मग मालकावर चिडा. तो शांत असेल, तोंड मिटलेलं असेल, बाहेर गारवा असेल तर गाडीचा नंबर आणि वेळ टिपून कुणाला तरी मालकाला शोधायला, आत घोषणा करायला पाठवा. तुम्ही गाडीपाशीच थांबा. वर सांगितलेली लक्षणं दिसत असतील तर लगेच पोलिसांना किंवा प्राण्यांच्या आपत्कालीन सेवेला फोन लावा आणि फोनवरच विचारा की काच फोडू का. काही ठिकाणी कायदा अशा वेळी संरक्षण देतो, काही ठिकाणी नुकसानभरपाई अंगावर येऊ शकते. हे फोनवर बोललेलं, एक-दोन साक्षीदार आणि व्हिडिओ नंतर उपयोगी पडतात. फोडण्याआधी चारही दारं ओढून पाहा. हसू नका, एखादं उघडं निघतं. फोडायचीच वेळ आली तर कुत्र्यापासून लांबची, बाजूच्या दाराची काच, कोपऱ्याकडे कठीण टोकाच्या वस्तूनं. समोरची काच थरांची असते, ती फुटून मोकळी होत नाही, आणि काही नव्या गाड्यांत बाजूच्या काचाही तशाच असतात. दार उघडण्याआधी पट्टा किंवा दोरी हातात हवी. घाबरलेला कुत्रा चावतो, आणि सुटला तर सरळ रहदारीत धावतो.

थंडीबद्दल. थंडीतही ऊन काचेतून येतंच, त्यामुळे निरभ्र, उन्हाच्या दिवशी वरचं सगळं थोड्या फरकानं लागू आहे. खरी कडाक्याची थंडी असेल तर गाडी उलट वागते. हीटर बंद केला की पत्रा आणि काच भराभर उष्णता सोडतात आणि आतलं तापमान बाहेरच्या बरोबरीला येतं. जाड दुहेरी केसांच्या जातींना त्याचं फारसं काही वाटत नाही, पण तुमच्या पगला, कुठल्याही छोट्या, आखूड केसांच्या, किडकिडीत, म्हाताऱ्या किंवा ओल्या कुत्र्याला वाटतं. आधी तो कुडकुडतो, अंग आखडून घेतो. कुडकुडणं थांबून सुस्ती आली तर ती सुधारणा समजू नका, अंगातली ताकद संपत आल्याची खूण आहे. कोरड्या पांघरुणात गुंडाळा, ऊब छाती-पोटाला द्या, गरम पाण्याची पिशवी कापडात गुंडाळून. पाय चोळत बसू नका. आणि गाडीच्या रेडिएटरमध्ये घालतात ते गोठण-प्रतिबंधक द्रव जमिनीवर गळलेलं असेल तर कुत्र्याला त्यापासून लांब ठेवा. ते चवीला गोड असतं आणि त्यातलं इथिलीन ग्लायकॉल थोड्या मात्रेतही मूत्रपिंड निकामी करतं.

तर तुमच्या दहा-पंधरा मिनिटांच्या कामाचं काय? दोन माणसं असाल तर एक जण गाडीबाहेर सावलीत कुत्र्यांसोबत थांबेल. एकटे असाल तर ते काम कुत्र्यांशिवायच्या फेरीत करा, किंवा जिथे कुत्र्यांना आत घेतात तिथे जा. घरी राहिले म्हणून दोघं रुसतील, पण संध्याकाळपर्यंत विसरतील. लांबच्या प्रवासात मागच्या भागात पिंजरा ठेवत असाल तर एकदा तिथली हवा मोजून पाहा. पुढे आपल्याला गारठा वाटत असतो तेव्हा मागच्या काचेतून पिंजऱ्यावर थेट ऊन पडत असतं आणि एसीचा झोत तिथवर पोचतच नाही.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः बघा. सर्वांत जास्त तापमान लक्षात ठेवणारा खोलीचा थर्मामीटर मिळतो. तो कुत्रे घरी असताना मागच्या सीटवर, सावलीत ठेवा, काचा दोन बोटं खाली करा आणि नेहमीच्या कामाला जाऊन या. आकडा बघाल तेव्हा तुम्ही प्रत्यक्षात किती वेळ बाहेर होता तेही टिपून ठेवा. कुत्र्याचं तापमान घ्यायचा थर्मामीटर मात्र गाडीच्या कप्प्यात ठेवू नका. तिथल्या उष्णतेनं त्याची बॅटरी बसते आणि नेमक्या वेळी पडदा कोरा राहतो. माझा असाच एक गेला. आता तो पट्ट्याच्या पिशवीत असतो, कुत्र्यांबरोबर घरी येतो.